शाळेच्या लायब्ररीची ओळख: चार तास, एक प्रश्न आणि उघडी कपाटं

जूनमध्ये शाळा सुरू होते, पाठ्यपुस्तकं वाटून होतात आणि मग एखादा ऑफ तास बघून नववीचा वर्ग लायब्ररीत आणून बसवला जातो. ग्रंथपाल उभे राहून सांगतात: शांतता राखा, पुस्तक सात दिवसांत परत करा, पानं दुमडू नका, हरवलं तर किंमत भरावी लागेल. मुलं माना डोलावतात. पुढे प्रकल्प आला की स्टेशनरीच्या दुकानातला तयार चित्रांचा तक्ता आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने काढून दिलेली विकिपीडियाची चार पानं, एवढ्यावर काम भागतं. लायब्ररीची पायरी परत कोणी चढत नाही, आणि आपण म्हणतो की हल्लीची मुलं वाचत नाहीत.

मुंबईतल्या मराठी शाळेत लायब्ररी सांभाळताना माझं मत असं झालं आहे की नियम सगळ्यात शेवटी सांगावेत, तेही दोन मिनिटांत. पहिल्याच तासाला प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने एक पुस्तक शोधून काढलं पाहिजे. आणि सगळी ओळख एकाच प्रश्नाभोवती फिरली पाहिजे, नाहीतर कोश, सूची, वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा) हे सगळं मुलांच्या डोक्यावरून जातं. चार तासांत हे कसं करता येतं ते खाली सांगते. ग्रंथपाल नसलेल्या शाळांत भाषेच्या किंवा भूगोलाच्या बाईही हे करू शकतात.

आधी प्रश्न निवडा

प्रश्न मुलांच्या रोजच्या वाटेवरचा हवा, त्याचं उत्तर एका पानात मिळता कामा नये, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी माहिती सापडेल असा हवा. मी बहुतेक वेळा हा घेते: ‘२६ जुलै २००५ ला मुंबईत किती पाऊस पडला आणि शहर का बुडालं?’ आत्ता नववीत असलेली मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती, पण घरी प्रत्येकाच्या आईवडिलांकडे त्या दिवसाची एक गोष्ट आहे. कोणी रुळांवरून चालत घरी पोचलं, कोणी ऑफिसात रात्र काढली. शिवाय नववी-दहावीला जलसुरक्षा हा विषय आहे, त्यामुळे ‘हे परीक्षेला आहे का बाई?’ या प्रश्नालाही उत्तर तयार असतं.

पावसाचा कंटाळा आला असेल तर १९८२ चा गिरणी संप, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली रेल्वे, शाळेजवळची खारफुटी किंवा आपल्या वस्तीच्या नावाचा इतिहास असे विषय चालतात. परळ-लालबागच्या शाळेने गिरण्या सोडून दुसरं काही घेऊ नये असं मला वाटतं. घरोघरी जिवंत साक्षीदार आहेत, ते कायमचे असणार नाहीत.

खोलीची तयारी

मुलं येण्याआधी निदान दोन दिवस लायब्ररीकडे मुलाच्या नजरेने बघा. पहिली गोष्ट कुलपं. आपल्याकडे सगळ्यात चांगले ग्रंथ, म्हणजे विश्वकोशाचे खंड, गॅझेटियर (एखाद्या भागाची सगळी माहिती देणारे सरकारी ग्रंथ), मोठे नकाशासंग्रह, लोखंडी कपाटात बंद असतात आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. पुस्तकं खराब होतील ही भीती असते. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटातच ती जास्त खराब होतात: वारा लागत नाही, बुरशी धरते, कसर लागते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिलाच नियम पुस्तकं वापरासाठी आहेत असा आहे. मुख्याध्यापकांकडून किल्ली मागताना हा नियम उपयोगी पडतो. बुरशीचा मुद्दा त्याहून जास्त.

दुसरी गोष्ट पाट्या. कपाटावर ‘विज्ञान’, ‘इतिहास’, ‘चरित्र’ असे शब्द आणि शेजारी वर्गांक, दोन्ही दरवाजातून वाचता येतील इतके मोठे लिहा. पुष्कळ शाळांत पुस्तकांवर वर्गांकच नसतो, नुसता दाखल क्रमांक असतो. तोसुद्धा पुस्तक ज्या क्रमाने आलं त्या क्रमाचा, त्यामुळे विषय शोधायला निरुपयोगी. अशा वेळी सगळ्या पुस्तकांचं वर्गीकरण एका महिन्यात करायच्या भानगडीत पडू नका. प्रकल्पाला लागणारी दोनअडीचशे पुस्तकं वेगळी काढा आणि त्यांच्या कण्यावर वर्गांकाच्या चिठ्ठ्या लावा. बाकीचं दिवाळीच्या सुट्टीनंतर.

तिसरी, आणि सगळ्यात वेळखाऊ, शोधचिठ्ठ्या. प्रत्येक चिठ्ठीवर एक काम, आणि प्रत्येक काम आपल्याच लायब्ररीत पूर्ण होणारं. चिठ्ठी लिहिली की स्वतः जाऊन ते पुस्तक काढून बघा. चिठ्ठीवरचं पुस्तक नेमकं कोणा शिक्षकाने घरी नेलेलं असलं, तर तो गट पंधरा मिनिटांत गप्पा मारायला लागतो.

पहिला तास: कपाटापर्यंत पोचणं

साठ मुलांचा वर्ग एका खोलीत मावत नाही. अर्धा वर्ग पी.टी.च्या सरांकडे पाठवा, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. तीस मुलांचे तिघातिघांचे दहा गट करा. प्रस्तावना तीन मिनिटांच्या वर नको. फळ्यावर प्रश्न लिहा आणि विचारा, ‘याचं पुस्तक कुठल्या कपाटात असेल?’

कोणी म्हणेल भूगोल, कोणी म्हणेल विज्ञान, एखादी मुलगी म्हणेल इतिहास. सगळे बरोबर आहेत, आणि नेमकं हेच त्यांना कळायला हवं. मेल्व्हिल ड्यूईने १८७६ साली आखलेली दशांश वर्गीकरण पद्धत आजही आपल्याकडे वर्गांक लावणाऱ्या पुष्कळ शाळा-कॉलेजांत वापरली जाते. तीत हवामान ५५१.६ ला जातं, पूरनियंत्रण ६२७ ला, गटारं आणि सांडपाणी ६२८ ला, आपत्ती आणि मदतकार्य ३६३.३४ ला, तर भारताचा इतिहास ९५४ ला. म्हणजे मुंबईच्या एका पुराची पुस्तकं तीनचार कपाटांत विखुरलेली. ‘पुराचं पुस्तक द्या’ असं म्हणून ते मिळत नाही, कारण प्रश्न एक असला तरी त्याचे तुकडे वेगवेगळ्या शास्त्रांत पडतात. ड्यूईच्या दहा वर्गांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा हा एक नकाशा फळ्यावर काढा.

मग चिठ्ठ्या वाटा. माझ्याकडच्या काही अशा असतात:

५५१.६ या वर्गांकाचं पुस्तक काढा आणि त्याच्या शेवटी असलेल्या सूचीत ‘मोसमी वारे’ कोणत्या पानावर आहे ते लिहा.

नकाशासंग्रहात विहार, पवई आणि माहीमची खाडी शोधा. तिन्हींना जोडणारी नदी कोणती?

१९८० च्या आधी छापलेलं मुंबईवरचं कोणतंही पुस्तक आणा. साल कुठे छापलं आहे ते दाखवा.

मराठी साहित्याच्या कपाटातून (८९१.४६) पावसाचं किंवा पुराचं वर्णन असलेलं एक पान आणा.

इथे एक अडचण दर वर्षी येते. ५५१.४८ आणि ५५१.६ यांत आधी कोणतं? दहातली आठ मुलं म्हणतात ५५१.६ आधी, कारण ६ पेक्षा ४८ मोठे. दशांश अपूर्णांक ती प्राथमिक शाळेत शिकलेली असतात, पण कपाटासमोर उभं राहिल्यावर टिंबानंतरचा आकडा पूर्णांकासारखा वाचतात. कागदावर ५५१.४८ च्या खाली ५५१.६० लिहून दाखवा, शून्य त्यांनाच वाढवू द्या. ‘अरे हो!’ असा आवाज येतो आणि मग फळीवरचा क्रम कोणालाही पुन्हा सांगावा लागत नाही. गणिताच्या सरांनाही हे आवर्जून सांगा, त्यांना आनंद होतो.

काढलेलं पुस्तक मुलांनी परत फळीवर ठेवू नये, टेबलावर ठेवावं. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा.

दुसरा तास: कोश उघडायला शिकणं

संदर्भग्रंथ पहिल्या पानापासून वाचायचे नसतात, हे मुलांना कोणी सांगितलेलंच नसतं. अठराशे पानांचा खंड बघून ती दचकतात. म्हणून सुरुवात शर्यतीने करा: प्रत्येक गटाला एक शब्दकोश आणि फळ्यावर एकेक शब्द. ओहोटी. पन्हळ. खाजण. उधाण. कोण आधी काढतं?

वर्णमाला घडाघडा म्हणणारी मुलं इथे अडखळतात. ‘पन्हळ’ शोधायला ‘प’ पर्यंत बरोबर जातात आणि मग काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर यांच्या क्रमात हरवतात. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, काहींत क आणि ज च्या पोटात. प्रत्येक कोशाच्या सुरुवातीला त्याची रचना सांगणारी पानं असतात. ती उघडून मोठ्याने वाचून घ्या. पाच मिनिटं लागतात.

त्यानंतर मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईला सुरू झालेल्या या कामाचा पहिला खंड १९७६ साली आला. शाळेत खंड नसतील तरी बिघडत नाही, सगळा कोश इंटरनेटवर मोफत वाचता येतो. विश्वकोशातली नोंद वाचताना तीन गोष्टींवर बोट ठेवायला लावा: नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, पुष्कळ नोंदींखाली संदर्भ असतात, आणि ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदीकडे पाठवलेलं असतं. पाऊस शोधायला गेलेली मुलं मोसमी वाऱ्यांकडे, तिथून हवामानशास्त्राकडे जातात. खंड कधी छापला तेही बघायला लावा. जुन्या खंडात २००५ चा पूर कसा सापडणार? हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. विचारला नाही तर तुम्ही विचारा.

मुंबईच्या शाळेला शक्य असेल तर १९०९-१० मध्ये निघालेल्या मुंबई शहर आणि बेटाच्या गॅझेटियरचे तीन खंडही दाखवावेत. ते इंग्रजीत आहेत आणि भाषा जड आहे, म्हणून एकच परिच्छेद निवडा. मराठीत वाचायचं तर गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं ‘मुंबईचे वर्णन’ आहे. एकोणिसाव्या शतकातली मराठी मुलांना सुरुवातीला मजेशीर वाटते, मग त्यातल्या ओळखीच्या जागा दिसायला लागतात आणि पुस्तक हातातून सुटत नाही.

अनुक्रमणिका आणि सूची यांतला फरक याच तासाला दाखवून टाका. अनुक्रमणिका पुढे असते आणि प्रकरणं सांगते. सूची मागे असते आणि एकेक नाव कोणकोणत्या पानांवर आलं ते सांगते. मराठी पुस्तकांत सूची फार कमी वेळा असते, ही आपल्या प्रकाशनव्यवहारातली मोठी उणीव आहे. ती नसेल तिथे अनुक्रमणिकेवरून अंदाज बांधून पानं चाळावी लागतात, त्याचाही सराव हवा.

तिसरा तास: ९४४ हा आकडा कुठून आला?

चारही तासांतला हा माझा सगळ्यात आवडता. दुसऱ्या तासानंतर मुलांना घरचा अभ्यास द्या: त्या दिवशी मुंबईत किती पाऊस पडला ते शोधून आणा, आणि कुठे सापडलं ते लिहा. बहुतेक सगळे ९४४ मिलिमीटर लिहून आणतात. स्रोत: ‘गूगल’.

गूगल हा स्रोत होत नाही, हे इथेच स्पष्ट करा. लायब्ररीत पुस्तक सापडलं म्हणून आपण ‘कपाट क्रमांक चार’ असा संदर्भ देत नाही.

मग दुसरा आकडा फळ्यावर लिहा: कुलाबा, सुमारे ७३ मिलिमीटर. तोच दिवस, तेच शहर. वर्गात गोंधळ उडतो. कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही. मुंबईत हवामान खात्याच्या दोन मुख्य वेधशाळा आहेत, कुलाबा आणि सांताक्रूझ. ९४४ हा आकडा सांताक्रूझचा. उपनगरांत आभाळ फाटलं होतं तेव्हा दक्षिण टोकाला मुंबईच्या मानाने साधारण पाऊस होता. म्हणजे ‘मुंबईत ९४४ मिमी पाऊस पडला’ हे वाक्य प्रकल्पात तसंच लिहिलं तर ते अपुरं आहे. ‘सांताक्रूझ वेधशाळेत’ हे दोन शब्द हवेतच.

एवढ्यावर थांबू नका. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे हा आकडा २७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे. सरकारी तक्त्यात तो २७ तारखेसमोर दिसला की मुलं म्हणतात छपाईची चूक आहे. ती चूक नाही.

आता भागाकार. ९४४ भागिले २४, म्हणजे तासाला साधारण ३९ मिलिमीटर, तेही पाऊस दिवसभर सारखा पडला असं धरून. खरा जोर तर दुपारनंतरचा होता. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल इतकीच होती. ती दुप्पट करायची सूचना याच व्यवस्थेवरच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाच्या अहवालात होती. पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने २००६ मध्ये अहवाल दिला. नववीतल्या मुलांनी हे अहवाल वाचावेत अशी माझी अपेक्षा नाही. पण एका वहीच्या पानावर ३९ आणि २५ हे आकडे शेजारी शेजारी आले की ‘शहर का बुडालं’ याचं निदान एक कारण त्यांनी स्वतः काढलेलं असतं, आणि प्रत्येक आकडा कोणाचा ते त्यांना सांगता येतं.

याच तासात कॉम्प्युटरवर शोधायचं कसं ते दाखवावं. शाळेत एकच कॉम्प्युटर असेल तर प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर शोधा. मराठीत शोधताना लेखनभेद फार त्रास देतात: सांताक्रूझ, सांताक्रुझ, सांताक्रूज असं तीनही प्रकारे लिहून बघावं लागतं. जुन्या इंग्रजी कागदांत विहार तलाव ‘वेहार’ म्हणूनही येतो. दोनतीन शब्दांचा नेमका समूह हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाका. आणि पहिल्या निकालावर टिचकी मारण्याआधी पत्ता बघा: सरकारी खातं, विद्यापीठ, वर्तमानपत्र, की कोणाचं तरी दुकान?

मोफत आणि भरवशाच्या जागा म्हणून मुलांच्या वहीत एवढ्या नोंदवून द्या: मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ, आयआयटी खरगपूर चालवत असलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी, बालभारतीची ई-पुस्तकं, आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक. विकिपीडियावर बंदी घालू नका, मुलं तरीही जाणारच. पान खालून वर वाचायला शिकवा: आधी तळाचे संदर्भ, मग मजकूर.

एआयच्या चॅटबॉटबद्दल विचारणारी मुलं आता प्रत्येक वर्गात आहेत. माझा साधा नियम आहे. त्याने पुस्तकाचं किंवा लेखाचं नाव सांगितलं तर ते आपल्या लायब्ररीच्या पुस्तकांच्या यादीत किंवा दुसऱ्या मोठ्या ग्रंथालयाच्या यादीत सापडलं पाहिजे. लेखकाचं खरं नाव आणि अस्तित्वातच नसलेलं पुस्तक अशी जोडी तो बिनदिक्कत देतो. मुलांना ही नावं तपासायला सांगितलं की त्यांच्यातला पोलीस जागा होतो.

चौथा तास: टिपणं आणि संदर्भसूची

पोस्टकार्डाएवढे कोरे कागद वाटा. एका कागदावर एकच मुद्दा, आपल्या शब्दांत. वरच्या कोपऱ्यात पुस्तक आणि पान. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी घ्यायची असतील तर अवतरणचिन्हात, आणि दोन ओळींपेक्षा जास्त नाही. आपल्या शब्दांत लिहायची युक्ती सोपी आहे: परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा. उघड्या पुस्तकावरून लिहिलं की हात आपोआप नक्कल करतो.

संदर्भ लिहायची एकच पद्धत ठरवा आणि सगळ्या विषयांच्या शिक्षकांना तीच मान्य करायला लावा. आडनाव, नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, साल, पान. ही सगळी माहिती शीर्षकपृष्ठावर आणि त्याच्या मागच्या बाजूला असते, मुखपृष्ठावर नसते. वर्तमानपत्राला तारीख हवी, संकेतस्थळाला पाहिल्याची तारीख हवी. घरच्या आठवणीही संदर्भ म्हणून चालतात: ‘आजीशी बोलणं, कुर्ला, १२ जुलै’. मोठी माणसं विसरतात किंवा रंगवून सांगतात, म्हणून आठवणीतली वेळ आणि जागा छापील माहितीशी ताडून बघायला सांगा.

नियम आता सांगा. देवघेवीचे वार, किती पुस्तकं, किती दिवस. संपलं.

शाळेबाहेर

प्रकल्प रंगला की आपली लायब्ररी अपुरी पडते, आणि मुंबईत राहण्याचा खरा फायदा तिथे आहे. सगळ्यात आधी जवळचं सार्वजनिक वाचनालय. तिथे मुलांना एकट्याने जाता येतं. त्यानंतर १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, दादर पूर्वेला. मराठीतल्या जुन्या पुस्तकांसाठी आणि नियतकालिकांसाठी आधी तिथेच विचारावं. फोर्टमध्ये टाउन हॉलात एशियाटिक सोसायटी आहे, काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचा संग्रह. पक्षी, खारफुटी किंवा किनाऱ्यावरचा प्रकल्प असेल तर हॉर्नबिल हाउसमधली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), स्थापना १८८३.

यांपैकी काही ठिकाणी सभासद नसलेल्यांना थेट प्रवेश नसतो. आधी फोन करा, मुख्याध्यापकांचं पत्र घ्या, आणि पत्रात ‘शैक्षणिक भेट’ असं मोघम न लिहिता मुलांना नेमकं काय बघायचं आहे ते लिहा. पन्नास मुलांची रांग घेऊन गेलात तर पायऱ्यांवर फोटो काढून परत याल. प्रश्न घेऊन आलेली पाचसहा मुलं असली तर तिथले ग्रंथपाल स्वतः उठून जुने खंड काढून देतात. लोकलची गर्दी टाळायला शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर निघावं, आणि वही-पेन्सिल न्यावी. जुन्या कागदांजवळ शाईचं पेन कोणी आणू देत नाही.

मुलांनी जमवलेली टिपणं आणि कात्रणं प्रकल्पाचे गुण मिळाल्यावर रद्दीत जाऊ देऊ नका. विषयवार फाइल करा, फाइलवर वर्गांक टाका, कपाटात पुस्तकांशेजारी ठेवा आणि लायब्ररीच्या यादीत नोंदवा, मुलांच्या नावासकट. पुढच्या जूनच्या शोधचिठ्ठ्यांपैकी एक या फाइलीवरची असू द्या: ‘गेल्या वर्षीच्या नववीने काढलेला एक आकडा निवडा आणि तो बरोबर आहे का ते तपासा.’